वळणावरचं खाचर

प्लास्टिक दाबून गठ्ठे करायचं यंत्र आमच्या शहापूरकडच्या गावात आहे. ओहोळाच्या वरच्या अंगाला मुरबाड तालुक्यातलं गाव; त्यांनाही ते वापरायचं होतं. दर ठरवायला दोन्ही ग्रामपंचायती शेडमध्ये बसल्या. आमचे सदस्य, त्यात मीही, अडून बसलो : बाहेरच्यांना दुप्पट. ते म्हणाले, मग आमची प्लास्टिकची गाडी येणार नाही. कचरा राहिला बाजूला, मानापमानच सुरू झाला.

तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारा आला. त्याला मी दर पावसाळ्यात लांबून बघायचो. ओहोळाच्या वळणावर त्याचं भाताचं खाचर. पाण्याबरोबर आलेली एकेक पिशवी तो उचलायचा, उलटी करायचा, आतला गाळ खाचरातच झटकायचा आणि मग ती गोणीत भरायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

त्यानं गोणी काट्यावर ठेवली. "ह्याला कुठला दर लावता? आलंय वरच्या गावातनंच, पन गाडीनं नाय, पान्यानं."

एवढ्या भांडणात त्याचं खाचर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. चहा येईपर्यंत दोन्ही गावांना एकच दर ठरला.

म्हाताऱ्यानं गोणी रिकामी केली, झटकली, घडी घालून कॅरियरला लावली.

"बाबा, आता गोणी कशाला? त्यांची गाडी येणार ना," मी म्हणालो.

"गाडी येल तवा येल," सायकलवर टांग टाकत तो म्हणाला. "भात कालच लावलाय मी."