फांदीचा निकाल

शेजाऱ्यावर कोर्टात दावा लावून तो जिंकलेला आमच्या गल्लीत मी एकटाच आहे, आणि हे मला घरातलं कुणीही चारचौघांत सांगू देत नाही.

शेजारी म्हणजे अत्तार सर. मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या आंब्याची एक जाडजूड फांदी कुंपण ओलांडून आमच्या गच्चीवर आली होती आणि नेमकी माझ्या नव्या सोलर बंबावर सावली धरून उभी होती. रोज सकाळी अंगावर गार पाण्याचा तांब्या घेतला, की माझ्या तोंडून नको ते शब्द निघायचे. शेवटी एकदा कुंपणापाशी गेलो.

"सर, ती फांदी कापा."

"पेंडसे, आंबा माझा, सावली तुमची. भाडं मागितलंय का मी कधी?"

"मग कोर्टात भेटू!"

"भेटू. जाताना एकाच रिक्षानं जाऊ, तिथं पार्किंग मिळत नाही."

मी नोटीस पाठवली. तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून सरांनी ती परत केली! (वर 'अक्षर सुधारा' असा शेरा. नोटीस टाइप केलेली होती.) मग मात्र मी हट्टालाच पेटलो आणि रीतसर दावा लावला. तारखांना आम्ही खरोखरच एका रिक्षानं जायचो, फक्त बोलायचो नाही. माझ्या वकिलांनी तसं बजावलं होतं.

घरी वेगळीच आघाडी उघडली. दरवर्षी त्याच फांदीच्या कैऱ्या सुमन, म्हणजे आमची ही, आमच्या गच्चीवरून उतरवायची आणि पलीकडून अत्तारभाभी शिडीवर चढून हात द्यायच्या. दोघींची ती वर्षाची मोठी मौज.

"फांदी गेली तर मी लोणचं कशाचं घालू?" सुमननं विचारलं.

"मंडईत कैऱ्यांचे ढीग असतात."

"मंडईत भाभी असतात का? अहो, दिवसभर तुमच्याशी बोलून माणसाचा जीव आंबतो. त्या फांदीखाली जरा हसायला मिळतं मला, तेही तुम्हाला बघवत नाही!" असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं. पण मी वादी होतो, आणि वादीनं माघार घेतली की गल्ली वर्षभर हसते.

आता सुमनचा एक नेम आहे. कुणाचंही भांडं ती रिकामं परत करत नाही. ईदला भाभींकडून शीरखुर्मा आला, तर तो डबा धुऊन तिनं त्यात लोणचं भरून पाठवलं. दावा चालू असताना! पुढच्या तारखेला माझे वकील तावातावानं सांगत होते की, या फांदीचा माझ्या अशिलाला काडीचाही उपयोग नाही, निव्वळ उपद्रव आहे. तेवढ्यात सरांनी पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं. अख्ख्या कोर्टात हिंगाचा घमघमाट!

"साहेब, हे उपद्रवाचं लोणचं. वादीच्या घरीच घातलंय."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणी घातलं?"

"बायकोनं," मी म्हणालो. शिपायासकट सगळे हसले. पण कायदा तो कायदा. बंबावर येते तेवढी फांदी महापालिकेच्या परवानगीनं छाटावी, असा निकाल लागला. मी जिंकलो!

छाटणीच्या दिवशी करवत घेऊन माणसं आली, त्यांच्यामागोमाग सरही गच्चीवर आले, तर फांदीखाली सुमन पाट टाकून बसलेली आणि शिडीवर भाभी.

"आधी कैऱ्या उतरवू द्या," सुमन म्हणाली.

"सुमनताई, ती वरची राहिली बघा," भाभी म्हणाल्या. कैऱ्या संपवायच्याच नाहीत असा दोघींचा बेत दिसत होता. करवतवाल्यांचा दुसरा चहा झाला. मी चिडलो, तशी सुमनही उसळली.

"एवढं ऊन हवंय, तर तो बंबच उचलून त्या कोपऱ्यात ठेवा की!"

मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं लख्ख ऊन पडलं होतं. हे ना मला सुचलं, ना सरांना, ना दोन वकिलांना!

"पण मी केस जिंकलोय," मी क्षीणपणे म्हणालो.

"निकाल तुमचाच, पेंडसे. त्याला कोण हात लावतंय?" सर म्हणाले, आणि बंबाची एक बाजू धरायला स्वतः पुढे झाले. प्लंबरनं दुपारपर्यंत बंब हलवला. त्या संध्याकाळी फांदीखाली दोघींचं हसणं ऐकून मला खरंच बरं वाटलं. उन्हाळाभर पाणी असं कढत आलं, की मी सरांनाही अंघोळीचं आमंत्रण दिलं.

मग थंडी आली, सूर्य दक्षिणेकडे कलला आणि बंबावर पुन्हा सावली पडली. या खेपेला शेवग्याची. शेवगा आमचाच, मीच हौसेनं लावलेला! मी सवयीनं वकिलांना फोन केला.

"लावू की दावा," ते म्हणाले. "वादीही तुम्ही, प्रतिवादीही तुम्ही. फक्त फी दोन्ही पक्षांकडून घेईन!"