टापूवरचा रात्रीचा वाटा

राजापेठेतल्या ऑफिसातून निघताना सर म्हणाले होते, दुपारपर्यंत ठराव होईल, संध्याकाळी घरी. त्या उन्हाळ्यात असे कितीतरी ठराव मी ऐकले होते. माझ्या डोक्यात गावं एकमेकांत मिसळायला लागली होती.

हे गाव धरणाच्या पाण्यात उरलेलं. चारी बाजूंनी पाणी, म्हणून सगळे त्याला टापूच म्हणतात. विजेचे खांब तिथवर जात नाहीत. सौर पॅनल आणि थकलेल्या बॅटऱ्या ग्रामपंचायत सांभाळते. कुणी किती वीज वापरायची हेही तीच ठरवते. एका म्हाताऱ्याला रात्र ऑक्सिजनच्या मशीनवर काढावी लागते. म्हणून दिवस मावळला की बाकीची घरं पंखे बंद करतात. लग्नघराला भांडी द्यावीत, तशी वीज देतात.

आमची योजना नव्या बॅटऱ्यांची होती. अट एकच. प्रत्येक घराला रात्रीचा सारखा वाटा. तो संपला की त्या घराची वीज आपोआप बंद. ग्रामसभेत हे सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी हळू बोलते, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजे बुढ्याची मशीन अर्ध्या रातीच बंद पडन," सरपंचबाई म्हणाल्या.

"अपवाद ठेवता येत नाही," सर म्हणाले. "मंजुरी अडकते."

"मंग मंजुरीलेच आनून बसवा त्याच्या उशाशी."

लोक हसले. मागून एक तरुण बाप उठला. कडेवर घामोळ्यांनी लाल झालेलं पोर होतं.

"तुमी हसून राहिले. माह्यं लेकरू रातभर रडते. अजून किती उन्हाळे असे काढाचे, काकू?"

काकू म्हणजे त्या म्हाताऱ्याची बायको. ती भिंतीला टेकून बसली होती.

"मी काय सांगू बाप्पा," ती म्हणाली. "तुमाले नाही जमत तं नका करू. मी कोनाले धरून ठेवलं?"

मग सरपंचबाईंनी, योजना नको असेल त्यांनी हात वर करा, असं सांगितलं. हात वर गेले, पण सावकाश, दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसांचे जातात तसे. त्या बापाचा गेला नाही.

"तुले गावाच्या विरोधात लिहू का?" सरपंचबाईंनी विचारलं.

"लिहा. खोटं काहून बोलू?"

नावेकडे परतताना ऊन उतरलं होतं, पण उकाडा तसाच होता. वाटेवरच्या घरांतले पंखे एकेक करून थांबत होते. सर पुढे चालत होते. काठाजवळच्या घराच्या पायरीवर तोच बाप बसला होता. पोर मांडीवर घेऊन पुठ्ठ्याने वारा घालत होता. उघड्या दारातून आतला पंखा दिसत होता. तोही बंद होता.

त्यानं आमच्याकडे पाहिलं.

"जा लवकर," तो म्हणाला. "अंधार पडते."