सोनाबाईची हरवणारी चप्पल

लग्न उरकलं की मांडवात सोनाबाईची एक चप्पल हमखास सापडायची. पायातून कधी निसटली, तिला पत्ताच नसे. पनवेलपासून उलव्यापर्यंतच्या आगरी घरांत ती मानाची धवळारीण. लग्नविधींचं गाणं, म्हणजे धवला, तिच्याशिवाय सुरू होत नसे. चप्पल आणून देणाऱ्याला ती उलट दटावायची, "माज्या चपलेवर कनाला डोला तुजा?"

तिच्या बापाचेही तळवे असेच बधिर होते. खांदा कॉलनीत राहणारी तिची भाची निशा जनुकांचा अभ्यास करत होती. "आत्या, रक्त तपासू या," हे टुमणं तिने केव्हाचं लावलेलं. सोनाबाई बधेना. घराण्याचं रक्तच नासकं निघालं तर घरातल्या पोरींची लग्नं कशी जमायची, ही तिची खरी धास्ती. वरवर मात्र म्हणायची, "मी सुईला भितंय." हीच बाई नांग्या मारणारी जिवंत चिंबोरी उघड्या हाताने धरायची!

शेजारच्या काशिरामच्या मुलीच्या लग्नात मात्र भानगड झाली. सोनाबाईचा धवला एकच, लांबलचक. पण हळदीला तो एका कडव्यापासून धरायचा आणि लग्नाला दुसऱ्या. त्या दुपारी तिला पेंग आली होती. ऐन लग्नाला तिने हळदीचं कडवं धरलं. तिचा शब्द मोडणार कोण? बायकांनी नटलेल्या नवरीला पुन्हा हळद फासली. सकाळपासूनचा मेकअप पिवळाधमक!

निशा हसून बेजार झाली. सोनाबाईला बाहेर पायरीवर बसवून म्हणाली, "तुझ्या पायांचंही असंच असेल. जनुक म्हणजे धवला. तो कुठून धरायचा ते प्रमोटर नावाचा त्यातलाच एक तुकडा ठरवतो. एका जागेपासून धरला तर यकृताचं प्रथिन बनतं, दुसऱ्या जागेपासून धरला तर त्याचंच जरा वेगळं रूप, नसा धड ठेवणारं. ती दुसरी सुरुवात बिघडली की नसांचे हाल."

"म्हंजे गाना नासका नाय?"

"नसेलही. पण तपासल्याशिवाय कसं कळणार?"

"बगू."

निशा गाडी आणायला पळाली. सोनाबाई उठली, तर पायरीशी एक चप्पल पडलेली. सवयीने ती पाय सरकवायला गेली, आणि थबकली. तिच्या दोन्ही पायांत चपला होत्या.

समोर निशा खडीवरून एका पायाने अनवाणी धावत होती, खुशाल. सोनाबाईने ती चप्पल उचलून पदराखाली घेतली.

"निशे, उद्या सकाली रगत द्याला ने मना," गाडीत बसता बसता ती म्हणाली. "तुजा पन देऊ."

"अगं, आणि सुईची भीती?"

पदराखालची चप्पल सोनाबाईने घट्ट धरली.

"गेली गो."