सारजाची साखळी

आर्णीजवळच्या खेड्यातला उकंडा सत्तावन्न साली बौद्ध झाला. त्याच वर्षी त्याच्या बहिणीचं, सारजाचं, बाळ दगावलं आणि तिच्या डोक्यावर परिणाम झाला. "देव सोडले, आता भोगा," गाव म्हणालं. पाटलानं तिला वेशीबाहेरच्या कडुलिंबाला साखळीनं बांधायला लावलं.

उकंडानं साखळी तोडली आणि सारजाला बंडीत बसवलं. पाटील आडवा आला.

"कुठी नेतं इले?"

"नागपूरले, डोक्याच्या डाक्टरकडं. माणूस आहे ते, जनावर नोहे."

मागून दगड आले. त्याचं डोकं फुटलं, तरी त्यानं बैल हाकले.

उन्हाळ्यात सारजा बरी होऊन परतली, पण गावात तिच्याशी कोणी बोललं नाही. पुढं जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बिजलीबाईची मुलगीही अशीच बांधलेली असल्याचं कळलं. उकंडा तिला न्यायला बंडी घेऊन गेला, तर तिथंही लोक काठ्या घेऊन उभे. त्यानं बंडी माघारी वळवली नाही.