नाव इंग्रजीत घेतलं तर चालतं

त्या दुपारी आम्ही दोघं अवरेचे, म्हणजे पावट्याचे, भिजवलेले दाणे सोलत बसलो होतो. चिमटीत धरायचा, दाबायचा, की सटकन साल हातात! दुसऱ्या दिवशी व्याही येणार होते, केरळहून, पहिल्यांदाच. पोरानं लग्न कोर्टात केलं, त्यामुळे कुणी कुणाला पाहिलेलंच नव्हतं. त्यांना मराठी नाही, आम्हाला मल्याळम नाही, मधे एकच वाट, इंग्रजी. म्हणून माझी बायको, साठी उलटलेली, गल्लीतल्या देवळाच्या हॉलमध्ये इंग्रजीच्या वर्गाला जायची.

मी चौथी शिकलेला, यशवंतपूरच्या बाजारात कांदे तोलण्यात जन्म गेला. मला कसलं इंग्रजी! पण ती घरी येऊन मलाच शिकवायची, आणि मजा यायची हो. "आपलं बघणं एक, त्यांचे शब्द तीन! सी म्हणजे आपोआप दिसतं ते. लुक म्हणजे मान वळवून. आणि दूध उतू जाईल म्हणून उभं राहतो ना, ते वॉच."

"मग मला तू काय करतेस? वॉच?"

"तुम्ही थोडेच उतू जाताय!"

वर तंबी. "व्याह्यांना हॉटेलात नेतो म्हणू नका. आपण हॉटेलात इडली खातो, इंग्रजीत तिथं राहायला जातात. त्यांना वाटेल, घरात ठेवून घेत नाहीत!" केरळातही लोक हॉटेलात जेवतातच की. पण वर्गात सांगितलेलं तिला मोडवेना.

मग ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "धिस इज माय हजबंड, नारायण."

मी उडालोच! उखाणा सोडला तर तिनं कधी माझं नाव घेतलं नव्हतं.

"अगं, नाव घेतलंस!"

"इंग्रजीत चालतं."

"परत म्हण."

"नारायण."

"परत!"

"स्वल्प गप्प बसा, दाणे राहिलेत."

संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं... महिना झाला, अजून पटत नाही.

त्या रात्री पोरानं कळवलं तेव्हा व्याही गाडीत बसलेले होते. सकाळी के. आर. पुरम स्टेशनला उतरून थेट घरी आले. व्याही आणि विहीणबाई दोघंही दारातच थबकले, हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. मी उठलो. त्यांना हाताला धरून तिच्यापाशी नेलं. जन्मभर तिला नुसतं 'अगं' म्हणत आलो होतो.

"धिस इज माय वाइफ, सुशीला," मी मोठ्यानं म्हणालो.

विहीणबाई खाली बसल्या. तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "हॅलो, सुशीला."