तहानलेला मका

बेनिल्दाच्या दारातून कुणी तहानलेलं गेलं नव्हतं. माणूस नाही, कोंबडी नाही, कुंडीतलं झाड नाही. पण बाईचा हाच गुण आता तिच्या जिवावर उठला होता.

घरामागचा उतार म्हणजे नुसती लाल, झिजलेली माती. लुलो या आंबट फळाची रोपं दोनदा लावली, दोनदा वाळली. तिच्या नवऱ्याने, ओव्हिदियोने, निर्वाणीचं सांगितलं, "यंदा लुलो धरला नाही, तर घर विकून पोपायानला पोराकडे. बस्स!" पोराच्या शहरातल्या त्या खुराड्यात बेनिल्दाचा जीव गुदमरायचा.

तेवढ्यात शेतकी खात्याची पोरगी पिशवीभर माती देऊन गेली. त्या मातीत मुळांना धरून राहणारी बुरशी होती. भुकेल्या जमिनीतही ती झाडाला अन्नपाणी शोधून आणते म्हणे. खोक्यांत मका लावायचा, त्याच्या मुळांवर बुरशी वाढू द्यायची आणि शेवटी मक्याचं पाणी तोडायचं. मका वाळता वाळता बुरशी मातीत आपलं बी सोडते. तीच माती मग लुलोच्या खड्ड्यांत घालायची.

पाणी तोडायचं! आणि तेही बेनिल्दाने! पानं मलूल झाली की भांडी विसळलेलं पाणी तिच्या हातून 'चुकून' खोक्यात पडायचं. ओव्हिदियो चिडला, स्वतः पहाऱ्याला बसला, आणि दुसऱ्याच दिवशी तिने त्याला भरल्या मगासकट पकडलं.

"अहो, हे काय?"

"माझ्याकडे बघत होता," तो खाली मान घालून म्हणाला.

"कोण?"

"मका."

शेवटी दोघांच्या तोंडी एकच नाव आलं, ग्रिसेल्दा. ओव्हिदियोची ही थोरली बहीण टेकडीपलीकडे एकटी राहायची. तिने आजवर कुणाला साधं पाणी विचारल्याचं ऐकिवात नव्हतं. पाद्रीसुद्धा तिच्याकडे जाताना पाण्याची बाटली घेऊन जात.

"वन्सं, काही करायचं नाही," खोकी उतरवत बेनिल्दा म्हणाली. "फक्त पाणी द्यायचं नाही."

"एवढंच? जमेल."

मका खडखडीत वाळला. ती माती खड्ड्यांत गेली आणि त्या करंट्या उतारावर लुलोने जीव धरला. पानं ताटाएवढी झाली. घर विकायचा विषय ओव्हिदियोने परत काढला नाही.

पहिल्या फळांचा रस घेऊन बेनिल्दा नणंदेकडे गेली. ग्रिसेल्दाने तो घटाघटा संपवला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे."

"वन्सं, त्या मक्याची दया नाही आली तुम्हाला?"

"आली की. पाठ करून बसायचे मी." ग्रिसेल्दा खिडकीबाहेर बघत राहिली. "पण तो जगला असता तर तुम्ही जाणार पोपायानला. मग मी पाणी कुणाला नाही विचारायचं?"

बेनिल्दाला हसू आलं आणि डोळेही भरले. घसा मात्र चढ चढून कोरडा पडला होता. पाणी अर्थातच कुणी विचारलं नाही.