पिल्लांना सरकी पेंड चारली

आज सकाळी गुरांच्या डॉक्टरांनी माझं कोंबडीखाद्य मुठीत घेऊन विचारलं, "सोयाऐवजी सरकी पेंड टाकली का रे?" तिथेच माझं सगळं संपलं, मित्रांनो.

आमच्या भडगावकडे सरकी चारली की म्हैस जास्त दूध देते. मला वाटलं, पिल्लंही झपाट्याने वाढतील. डॉक्टर म्हणाले, "सरकीतलं विष म्हशीला पचतं, पिल्लांना नाही. वाढच खुंटते."

मी त्यांच्यावरच भडकलो. "आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कधी?"

कॉलेज अर्धवट सोडून हे शेड टाकलं ते माझं जिच्यावर प्रेम आहे तिच्याशी लग्न करायचं म्हणून. दुपारी तिचे वडील, नाना, शेड बघायला आले. महिन्याची होऊनही मुठीएवढीच पिल्लं बघून आणि सरकीचं ऐकून हसले.

"भाऊ, हाई महिनाना पिल्लं शेतस? पोर दिधी ते तिलेबी सरकीच चारशी का?" म्हणजे, मुलगी दिली तर तिलाही सरकीच चारशील का!

ते गेल्यावर तिला फोन लावला. ती म्हणाली, "आता मी नानांशी कोणत्या तोंडानं भांडू?"

पेंड बंद केलीय. कुणाची पिल्लं यातून सावरलीत का? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

शेडमध्ये बसून लिहितोय. पिल्लांकडे बघवत नाही. उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.